ओढ्यापलीकडचं स्वस्त पेट्रोल

टाकीभर पेट्रोलमागे माझे नऊ पाउंड वाचले. त्यासाठी खर्च झाला तो असा: बुटांचा एक जोड ओढ्यात गेला, सासऱ्यांनी चार मैल अबोला धरला, बायकोला तीन थापा माराव्या लागल्या (त्यातल्या दोन तिने पकडल्या), एका पोलिसाचं जेवण थंड झालं आणि पुढच्या वर्षी व्हिसाच्या फॉर्मला एक जादा कागद लागला. उत्तर आयर्लंडला जायचं मनात असेल तर जरूर जा. प्रदेश हिरवागार आहे, माणसं बोलकी आहेत. फक्त पेट्रोल भरण्याआधी मान वर करून पाटी वाचा.

हे सगळं सुरू झालं आमच्या मागच्या बागेत.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरकडे मोजणी खात्यात चौतीस वर्षं नोकरी. दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की सरकार ज्यांना टेप आणि नकाशा देऊन पाठवतं, ते आप्पा. सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर ते ग्लासगोला आमच्याकडे आले होते. पहिले दोन महिने किल्ले, तळी, म्युझियम यात बरे गेले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या गॅरेजमधली लांब टेप घरी आणली आणि बागेचं कुंपण मोजलं. शेजारच्या म्हाताऱ्याची शेड आमच्या जागेत सात इंच आलेली निघाली. आप्पांनी ते त्याला नुसतं सांगितलं नाही, नकाशा काढून दिला, उत्तर दिशेचा बाण दाखवून. वीस वर्षं आम्ही त्या माणसाचं गवत कापायचं मशीन वापरत होतो. दुसऱ्या दिवशीपासून तो कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना माझ्याकडे पाठ करून ठेवायला लागला.

"अहो, आप्पांना चार दिवस कुठंतरी घेऊन जा," सुनंदा म्हणाली. "नाहीतर ते आता समोरचं चर्च मोजतील."

सुनंदा नर्स आहे. ती या देशात नोकरीवर आली आणि मी तिच्या बॅगांबरोबर आलो. पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये टायर बदलले, आज माझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन रॅम्प आहेत. शिक्षण बेताचं, पण कान चांगले. गाडी गेटातून आत येतानाच बेअरिंग गेलंय की बेल्ट, हे मला कळतं. आप्पांचं नजरेवर चालतं, माझं कानावर. म्हणून आमचं पटतं, आणि म्हणूनच बोलायची फार गरज पडत नाही.

माझं एक गिऱ्हाईक उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनाचं आहे. तळी, बेटं, मोकळे रस्ते, असं तो सारखा सांगायचा. जायचं ठरलं. सुनंदाला रजा नव्हती, त्यामुळे सासरा आणि जावई, एवढीच पार्टी. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला किचनमध्ये उभं केलं.

"नीट ऐका. आप्पांचा व्हिसा फक्त आपल्या बाजूचा आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच येतं, पण फर्मॅनाला लागूनच आयर्लंड हा दुसरा देश सुरू होतो, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. पुढच्या जुलैत केतकीचं लग्न आहे. पासपोर्टवर कुणी एक ओळ जरी वाकडी लिहिली ना, तर पुन्हा व्हिसा मिळायचा नाही. नातीच्या लग्नाला आजोबा नाहीत, असं झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर सांगितलं नसतं, हात धरून ठेवला असता."

केतकी आमची एकुलती एक. आप्पांची एकुलती एक नात. तिला हिंदीत अंक मोजता येत नाहीत, पण आप्पांनी शिकवलेलं एकर-गुंठ्यांचं गणित तोंडपाठ आहे. तेव्हा मामला गंभीर होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

पहिला दिवस

ग्लासगोहून स्ट्रॅनरार बंदर अडीच तासांवर आहे असं लोक सांगतात. ते लोक रविवारी पहाटे गेलेले असतात. एरचं गाव मागे पडलं की रस्ता एकेरी होतो आणि बोट गाठायला निघालेल्या लॉऱ्या पुढे रांगेने चालतात. त्यामुळे तास-दीड तास हाताशी जादा ठेवा. समुद्र मात्र उजव्या हाताला सतत सोबत असतो, आणि त्यात मधोमध एक भला मोठा गोल खडक, जणू कुणी ताटात भाताची मूद पाडून ठेवलीय. बोटीचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर गाडी धरून बरंच स्वस्त पडतं. कॉफी घरून न्या. बोटीवरची कॉफी मी एकदा प्यायलो, त्यावर मला अधिक काही लिहायचं नाही.

सुनंदाने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. आप्पांनी डेकवर उभं राहून एक धपाटा संपवला आणि बोटीवरच्या माणसाला त्यांच्या सरकारी इंग्लिशमध्ये विचारलं, पाण्यात हद्द कशी दाखवतात?

"दाखवत नाही साहेब," तो म्हणाला. "आम्ही नुसती बोट चालवतो."

आप्पांना हे उत्तर आवडलं नाही. बेलफास्ट येईपर्यंत ते पाण्याकडे संशयाने बघत होते.

बेलफास्टहून पश्चिमेला मोटरवे, मग साधा रस्ता, मग असा रस्ता की समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकाने मोठं मन करायचं. संध्याकाळी एनिस्किलनच्या पुढे एका शेतघरात उतरलो. बी अँड बी, माणशी पंचवीस पाउंड, सकाळच्या नाश्त्यासकट. मालकीणबाईंना मी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की एक जण मांस खात नाही. त्यांनी दार उघडल्या उघडल्या आप्पांचा हात हातात घेतला आणि आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "कधीपासून?"

"जन्मापासून," आप्पा म्हणाले.

दुसरा दिवस

नाश्त्याला बटाट्याची भाकरी मिळाली. इकडे उकडलेला बटाटा पिठात मळून तव्यावर भाजतात. तिखट-मीठ कमी असतं, पण धपाट्याबरोबरची चटणी उरली होती. मालकीणबाईंनीही चाखली आणि पाण्याचा जग घेऊन आत गेल्या.

दिवस तळ्यावर घालवला. बेटावर एक जुना मठ आहे आणि उंच, गोल दगडी मनोरा. छोटी लाँच नेते आणि आणते, तिकीट किरकोळ. ऊन पडलं होतं, तेव्हा आप्पांनी छत्री जमिनीत उभी रोवली, छत्रीची सावली मोजली, मनोऱ्याची सावली पावलांनी मोजली आणि जाहीर केलं की माहितीपत्रकातली उंची दीड फुटाने चुकली आहे. गाइड मुलीने विचारलं, तुम्हाला नक्की खात्री आहे का? आप्पांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने पुढचा प्रश्न माझ्याकडे बघून विचारला, तोसुद्धा हवामानाबद्दल.

रात्री माझा मोबाइल टिंग वाजला. 'वेलकम टू आयर्लंड.' मी दचकलो. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. वारा दक्षिणेचा असला की आमचे फोन परदेशी जातात." म्हणजे तिकडच्या टॉवरचा सिग्नल इकडे येतो. बरं झालं सांगितलं, असं मला वाटलं. तसं वाटायला नको होतं.

तिसरा दिवस

सकाळी निघताना मी सहज विचारलं, जवळ पेट्रोल कुठे मिळेल.

"गावात मिळेल," मालकीणबाई म्हणाल्या, "पण आम्ही सगळे खाली त्या रस्त्याने जातो. ओढा ओलांडला की पंप आहे. बराच स्वस्त."

बराच स्वस्त, हे दोन शब्द ऐकले की माझे बाकीचे कान बंद होतात. 'आम्ही सगळे' हेही मी ऐकलं. देशाचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या आयुष्यभर तिकडे पेट्रोल भरत आल्यात, मुलगी तिकडे दिलीय, केस कापायला तिकडेच जातात. त्यांच्या लेखी ओढ्यापलीकडे परदेश नसतोच, पंप असतो.

बटाट्याच्या तीन भाकऱ्या खाऊन आप्पा पुढच्या सीटवर पेंगत होते. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची कुंपणं. एका ठिकाणी टायरचा आवाज बदलला. घर्र होतं ते एकदम सूं झालं. मी कान टवकारले, बेअरिंग तर नाही? नाही, रस्त्याचं डांबरच वेगळं होतं. मग थोड्या अंतरावर दगडी पूल आणि खाली ओढा. मोबाइल टिंग वाजला. वारा दक्षिणेचा दिसतो, असं म्हणून मी खिशातून काढलासुद्धा नाही. पुढे वेगमर्यादेची पाटी आली: ८०. एवढ्याशा रस्त्यावर ताशी ऐंशी मैल! काय उदार लोक आहेत, असं मला वाटलं. मी पन्नासनेच चाललो आणि स्वतःच्या संयमाचं कौतुक केलं.

पंपावर आकडे बघून मात्र मी खवळलो. लिटरचा भाव आमच्यापेक्षा चढा! काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, याला स्वस्त म्हणतात?

"ते युरो आहेत, राजा," बाई म्हणाल्या. "पाउंडात मांडून बघ."

मी मांडून बघितलं. स्वस्त होतं. मग बाकीचंही मांडून बघितलं. ऐंशी मैल नव्हे, किलोमीटर. मोबाइल वाऱ्याने वाजला नव्हता. केतकी, जुलै, पासपोर्ट, सुनंदा, एवढं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, मी टाकी पूर्ण भरली. आलोच आहोत तर.

बेत सोपा होता. आप्पा झोपेत आहेत, आले तसे परत न्यायचे. त्यांना कळता कामा नये, कारण त्यांना कळलं तर कुणी पकडायची गरजच नव्हती, ते स्वतःच पोलिसांत गेले असते. हा माणूस एकदा एस.टी.त तिकीट काढायचं राहिलं म्हणून डेपोत जाऊन पैसे भरून आला होता.

पैसे देऊन बाहेर आलो तर आप्पा जागे. नुसते जागे नाहीत, गाडीबाहेर, हात मागे बांधून उभे.

"दिगंबरराव, इथली पोस्टाची पेटी हिरवी का हो?"

"रंग दिलाय नवीन."

"आणि गाड्यांचे नंबर?"

"गावाकडच्या गाड्या आहेत, आप्पा."

"पावती बघू."

पावती मागायची त्यांची सवय जुनी. मी दिली. आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद लांब धरला, जवळ धरला, मग घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

"आपण हद्द ओलांडलेली आहे."

"फक्त पेट्रोलपुरती."

"हद्द पेट्रोलपुरती ओलांडता येत नाही, दिगंबरराव. ओलांडली की ओलांडली." घड्याळ पाहिलं. "किती वाजता?"

"दहा चाळीसला असेल. आप्पा, बसा. दहा मिनिटांत परत. कुणी बघितलेलं नाही."

"तेच तर वाईट आहे. नोंद केली तर चूक ठरते, लपवलं तर गुन्हा. इथल्या अधिकाऱ्याला गाठून सांगितलं पाहिजे."

"आणि त्याने पासपोर्टवर काही लिहिलं म्हणजे? केतकीचं लग्न आहे!"

"लग्न आहे म्हणूनच म्हणतोय. उद्या कुणी विचारलं तर नातीच्या लग्नात मी खोटं बोलून बसलोय, असं व्हायला नको."

मी त्यांना सीटवर बसवलं आणि गाडी काढली. अधिकारी भेटला नाही तर सांगणार कुणाला? या रस्त्यावर गायी सोडून कोण आहे? असा विचार मी करत होतो तोवर वळण संपलं आणि पुढे पिवळं जाकीट घालून एक पोलीस उभा. तिकडे पोलिसाला गार्ड म्हणतात. साठीला आलेला, पोट सुटलेला, गाड्यांच्या काचांवरच्या रोड टॅक्सच्या चकत्या तपासत होता. आमची ब्रिटिश नंबरप्लेट बघून त्याने खिडकीत वाकून विचारलं, "कुठून आलात?"

"ग्लासगो," मी म्हणालो, गोड हसून.

"ग्रँड. निघा मग."

मी गिअर टाकला. आणि आप्पा माझ्यावरून वाकून खिडकीपर्यंत आले.

"सर! आय बेग टू सबमिट! आय हॅव्ह एन्टर्ड युवर कंट्री विदाउट परमिशन."

गार्डाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या हातात तान्हं मूल देऊन बस पकडली.

"काय म्हणालात?"

आप्पांनी पासपोर्ट काढला, व्हिसाचं पान उघडून दिलं, दहा चाळीसपासून आत्तापर्यंत पस्तीस मिनिटं हेही सांगितलं आणि जोडीला पावती दिली.

"तुम्ही इथं राहणार आहात का?" गार्डाने विचारलं.

"नो सर. गोइंग बॅक."

"मग जा की!"

"प्लीज मेक एन्ट्री, सर."

गार्डाने टोपी काढली, डोकं पुसलं आणि माझ्याकडे वळून, दोन शहाण्यांनी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, मी नोंद केली तर यांना शहरातल्या ठाण्यात न्यावं लागेल. तिथला माणूस गुरुवारी येतो. मग फॉर्म, मग फोन, मग राजधानीला पत्र. आज सोमवार आहे. आणि माझ्या बायकोने बटाटे चढवलेत."

मी त्याला म्हटलं, मला तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे, पण हे ऐकणारे नाहीत. तेवढ्यात त्याने दुसरा मार्ग काढला. "ओढ्यापर्यंत मी मागून येतो. तुम्ही पूल ओलांडताना मी स्वतः बघतो. म्हणजे सरकारने तुम्हाला बाहेर घातलं असं होईल. चालेल?"

आप्पांनी विचार केला. "अधिकाऱ्याच्या समक्ष. चालेल."

त्याची गाडी सुरू झाली तशी मी ओरडून सांगितलं, पुढचं डावं बेअरिंग गेलंय, महिनाभरात चाक धरेल. "ग्लासगोचे ना तुम्ही?" तो म्हणाला. "मेकॅनिक?" तिथून तो जरा आमचा झाला.

पूल ओलांडून आम्ही पलीकडे थांबलो, तोही ओलांडून आमच्यामागे उभा राहिला. मग चालत पुलापाशी आला आणि कठड्याच्या आमच्या बाजूला उभा राहून म्हणाला, "ओढ्याच्या मध्यावर हद्द. तुम्ही तिकडे, मी इकडे. आपण कधी भेटलोच नाही."

"तुम्हीपण तिकडेच आहात," मी म्हणालो.

"दोन पावलांनी काय होतंय?"

हे वाक्य त्याने आप्पांसमोर म्हणायला नको होतं. आप्पा ओढ्याकडे बघत होते, आणि ही त्यांची बघण्याची तऱ्हा मी मागच्या बागेत पाहिली होती.

"हा ओढा मूळचा नाही," ते म्हणाले.

"काय?"

"एवढा सरळ ओढा देवाने काढलेला नसतो. कुणीतरी खणलाय. मूळ पात्र ते." त्यांनी पुलापलीकडे, दक्षिणेला, शेतातल्या एका खोलगट पट्ट्याकडे हात केला. तिथे गवताऐवजी लव्हाळं माजलं होतं. "ओढा हलवला म्हणून हद्द हलत नाही. हद्द जुन्या पात्रातच राहते. टेप आहे का, दिगंबरराव?"

टेप डिकीत होतीच. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. त्याला जायला वाट नव्हती, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं आणि उतरून आमच्यात सामील झाला. ह्युई त्याचं नाव, शेत दोन्ही देशांत. आप्पांचं म्हणणं ऐकून त्याने गुडघ्यावर थाप मारली.

"म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं! माझ्या बापाने खणलाय हा. तिकडे सारखं पाणी भरायचं."

मग मोजणी झाली. टेपचं एक टोक धरून मी ओढ्यात उतरलो आणि बुटांनी तिथेच राम म्हटला. दुसरं टोक ह्युईकडे. आप्पा पावलं मोजत, मधेच थांबून झाडांच्या रांगेवर एक डोळा मिटून बघत. तेवढ्यात सुनंदाचा फोन.

"काय करताय?"

"नदी बघतोय."

"आप्पा कुठायत?"

"तेही नदीच बघतायत."

"तुमच्या आवाजात पाणी आहे. कुठे आहात नक्की?"

"फर्मॅनात," मी म्हणालो, आणि त्या क्षणी माझा एक पाय तरी नक्कीच फर्मॅनात असावा. मी आप्पांना सांगूनही पाहिलं की येताना टायरचा आवाज पुलाच्या बराच आधी बदलला होता, डांबर तिथे बदलतं. "रस्तेवाल्यांचा पुरावा मोजणीत धरत नाहीत," आप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

निकाल असा लागला: हद्द जुन्या पात्रातून जाते, ते पुलाच्या दक्षिणेला बत्तीस पावलांवर. म्हणजे पूल सगळाच्या सगळा उत्तरेत. म्हणजे गार्ड, युनिफॉर्मसकट, त्याच्या सरकारी गाडीसकट, पाऊण तास दुसऱ्या देशात उभा होता.

आप्पांनी चष्मा वर केला. "सर, डू यू हॅव्ह पेपर?"

गार्डाने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग गाडीकडे. ह्युई इतका हसला की त्याला ट्रॅक्टरचं चाक धरावं लागलं.

"एक नोंद माझी," आप्पा म्हणाले, "आणि एक तुमची. दोन्ही कराव्या लागतील."

"अहो, थांबा, थांबा," गार्ड म्हणाला. "तसं कशाला?"

इथे मी मध्ये पडलो. गॅरेजमध्ये रोज हेच करतो. म्हटलं, आप्पा, तुमच्या मोजणीत दोन्ही बाजूंनी जागेवर तडजोड केली तर काय करता? आप्पा म्हणाले, मग पंचनामा करून प्रकरण तिथेच मिटवतो, पुढे पाठवत नाही. म्हटलं, करा मग.

आप्पांनी खिशातली डायरी काढली आणि बोनेटवर ठेवून इंग्लिशमध्ये पंचनामा लिहिला. उभय बाजूंकडून अनवधानाने हद्द ओलांडली गेली, उद्देश वाईट नव्हता, दोघे आपापल्या बाजूला परत गेले. ह्युईने पंच म्हणून सही केली. गार्डानेही केली, पण अशी की मी बायकोबरोबर वीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचत आलोय, तरी मला ती लागली नाही. मग तो गाडीत बसला, मागे मागे घेत पूल ओलांडला, बत्तीस पावलंही ओलांडली आणि तिथून हात हलवला.

बी अँड बीच्या वाटेवर चौथ्या मैलाला आप्पा पहिल्यांदा बोलले.

"चौतीस वर्षांत माझी एकही मोजणी अपिलात फिरली नाही, दिगंबरराव. आज दोन देशांची केली."

घरी

ओले बूट बघून सुनंदाने पहिली थाप पकडली, आप्पांच्या खिशातल्या पावतीवरून दुसरी. मग आप्पांनी सगळंच सांगितलं. तिने माझ्याशी एक आठवडा फक्त जेवणापुरतं बोलायचं ठरवलं आणि ते पाळलं.

मी मात्र गोष्ट सोडली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळात सांगितली, गॅरेजमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. माझ्या सासऱ्यांनी आयर्लंडच्या पोलिसाला मोजून हद्दपार केलं! लोक टाळ्या द्यायचे. शेजारच्या म्हाताऱ्यानेही कुंपणावरून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता शेड सात इंच मागे घेतली.

आप्पा परत गेले. पुढच्या वसंतात पुन्हा व्हिसाचा फॉर्म. त्यात रकाना होता: यापूर्वी कोणत्या देशांत गेला होता? सुनंदा फोनवर रडकुंडीला आली. "आप्पा, नका लिहू हो. कुणाला माहीत नाही." आप्पा म्हणाले, "मला माहीत आहे ना." त्यांनी लिहिलं: आयर्लंड, पस्तीस मिनिटं, पेट्रोलसाठी. आणि खाली पंचनाम्याची नक्कल जोडली. तीन आठवडे आमच्या घरात कुणाला नीट झोप नव्हती. केतकीने लग्नपत्रिका छापायला टाकली, पण आप्पांचं नाव असलेली ओळ पेन्सिलने घातली होती. मग कोल्हापूरहून फोन आला. व्हिसा मिळाला होता, एकही प्रश्न न विचारता.

लग्न छान झालं. आप्पांनी मंगलाष्टकं म्हटली, मांडव मोजला नाही.

जायच्या आधी उरलेल्या दिवसांत ते रोज मोठ्या लायब्ररीत जात होते. आपली मोजणी छापील नकाशावर एकदा बघून घ्यावी, म्हणून. शेवटच्या दिवशी ते घरी आले आणि जेवायला बसले नाहीत. विचारलं तर हातातला झेरॉक्सचा कागद माझ्यापुढे सरकवला. हद्दीची रेघ ओढ्यातून जात नव्हती, जुन्या पात्रातूनही नाही. ती पुलाच्या उत्तरेला, टायरचा आवाज बदलला होता तिथून, कुंपणाच्या झुडपांवरून जात होती. ओढा, पूल, ह्युईचा ट्रॅक्टर, आमचं बोनेट, सगळं दक्षिणेत. आप्पांना व्हिसाच्या ऑफिसला दुरुस्तीचं पत्र पाठवायचं होतं, पस्तीस मिनिटांऐवजी दीड तास. सुनंदाने घरातले सगळे स्टॅम्प लपवले.

त्या दिवशी त्या गार्डाने स्वतःच्या देशाबाहेर एकही पाऊल टाकलेलं नव्हतं.